‘लीचर’ला जळू म्हणावे का?

संगणककक्ष
शाळेतल्या संगणकांवर डेबियन ही मोफत कार्यप्रणाली बसवायची होती. शाळेचे इंटरनेट फार संथ असल्यामुळे मी घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जुनी हार्ड डिस्क जोडली, त्यावर ट्रान्समिशन हा बिटटॉरंटचा (संगणकांनी एकमेकांकडून तुकड्यातुकड्याने फाइल घेण्याच्या पद्धतीचा) प्रोग्राम चालवला आणि डेबियनच्या संकेतस्थळावरची टॉरंट फाइल (काय उतरवायचे हे सांगणारी छोटी फाइल) देऊन डीव्हीडीची प्रतिमा, म्हणजे तिची हुबेहूब प्रत असलेली फाइल, रात्रभरात उतरवून घेतली. ते यंत्र आजही ती प्रतिमा इतरांना वाटत असते. मुलांना हे स्वतः करता यावे म्हणून मी एक माहितीपत्रक लिहीत आहे. त्यात ‘सीडर’ला (पूर्ण फाइल जवळ असून ती इतरांना देणाऱ्याला) ‘पेरक’ आणि ‘लीचर’ला (फाइल अजून उतरवत असलेल्याला) ‘जळू’ असे शब्द योजले होते. मसुदा वाचून आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, माझी फाइल अजून पूर्ण उतरली नाही एवढ्यावरून मी जळू कशी ठरते?” तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. दुसरा शब्द सुचवावा.

शब्दवेडी
‘जळू’ हा संस्कृत ‘जलौका’चा वंशज आहे आणि आयुर्वेदात जळवा लावणे हा उपचार आहे. इंग्रजीतही ‘लीच’ या शब्दाचा एक जुना अर्थ ‘वैद्य’ असाच होता. त्यामुळे शब्द मुळातच अपमानकारक आहे असे मला वाटत नाही. तो ठेवावा आणि मुलांना ही हकिकत सांगावी.

जुन्या वळणाचा
हकिकत सुरस असली तरी बोलीत ‘जळवेसारखा चिकटला’ असे म्हटल्यावर कोणाच्या मनात वैद्य येत नाही. शब्दाचा अर्थ आज ऐकणाऱ्याच्या कानात असतो. माझ्या मते ‘घेता’ म्हणावे.

तंत्रज्ञ
‘घेता’ हा शब्दही चुकीचाच ठरेल, कारण अपुरी फाइल असलेला संगणक घेतो तसाच देतोही. फाइलचे तुकडे पाडलेले असतात, हाती आलेला तुकडा टॉरंट फाइलमधल्या हॅशशी, म्हणजे त्या तुकड्यावरून काढलेल्या ओळखखुणेशी, ताडून पाहिला जातो आणि तो बरोबर ठरला की लगेच पुढच्याला देता येतो. ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये बिटटॉरंट आणले तेव्हाच त्यात परतफेडीचा नियम होता: जो आपल्याला देतो त्याला आधी द्यायचे आणि दर 10 सेकंदांनी ही निवड पुन्हा करायची. ज्याच्याजवळ अजून काहीच नाही अशा नवख्यालाही संधी मिळावी म्हणून दर 30 सेकंदांनी एकाला हिशेब न पाहता द्यायचे. जो फाइल पूर्ण होताच प्रोग्राम बंद करतो त्याला खुशाल जळू म्हणावे. अर्ध्या वाटेवरच्याला तसे म्हणणे हा अन्याय आहे.

जुन्नरकर
आपण वर्णन केलेला नियम म्हणजे आमच्याकडची सावड आहे. आज तुम्ही माझ्या शेतात राबलात की उद्या मी तुमच्या शेतात राबणार. अशा संगणकाला ‘सावडकरी’ म्हणावे आणि ‘स्वॉर्म’ला, म्हणजे एकाच फाइलची देवघेव करणाऱ्या सगळ्या संगणकांच्या गटाला, ‘सावड’. माझ्या आजोबांच्या पडकईत, म्हणजे भातखाचरे बांधण्याच्या सामूहिक कामात, कोण किती दिवस आला हे सगळ्यांच्या तोंडपाठ असे.

वऱ्हाडी वाचक
मग आमच्या ‘इर्जिक’ने काय पाप केले आहे?

जुन्नरकर
इर्जिकीत गाव एकाच्या शेतात नांगर घेऊन येते आणि तो सर्वांना जेवू घालतो. तिथे दिवसाच्या बदली दिवस असा हिशेब नसतो. इथे तर हिशेब हाच प्राण आहे. ‘ट्रॅकर’लाही मी ‘माग काढणारा’ न म्हणता ‘हजेरीपट’ म्हणेन, कारण त्याच्याजवळ फाइल नसतेच, कोणकोण हजर आहे एवढीच नोंद असते.

जुन्या वळणाचा
‘हजेरीपट’ उत्तम आहे. परंतु ‘सीडर’, ‘ट्रॅकर’ हे शब्द प्रोग्रामच्या पडद्यावर इंग्रजीतच दिसणार असतील, तर मुलांनी दोन-दोन नावे का पाठ करावीत? ‘सीडर’ देवनागरीत लिहावे आणि पुढे जावे.

शब्दवेडी
पाठ करण्यासाठी नव्हे, समजण्यासाठी. ‘पेरक’ मात्र मलाही पटत नाही. पेरलेले बी मातीत जाते आणि पेरणाऱ्याच्या हाती उरत नाही. इथे देणाऱ्याची प्रत जशीच्या तशी राहते आणि घेणाऱ्याकडे तशीच दुसरी तयार होते. स्वयंपाकघरात याला नेमका शब्द आहे: विरजण. शेजारणीला चमचाभर दिले तरी आपले दही कमी होत नाही आणि तिच्याकडचे उद्या तिसरीच्या दुधाला लागते. ‘सीडर’ला ‘विरजणदार’ म्हणावे आणि ज्या ‘लीचर’वरून हा प्रश्न निघाला त्याला ‘अदमुरा’. अर्धवट लागलेल्या दह्याला आपण अदमुरेच म्हणतो आणि त्यात कसलाही दोषारोप नाही.

संगणककक्ष
‘अदमुरा’ ऐकून फार आनंद झाला. त्या मुलीला उद्याच विचारतो.

तंत्रज्ञ
विचारण्यापूर्वी एक शंका. अदमुऱ्या दह्याचे विरजण लावले तर दूध नीट लागत नाही, पण अपुऱ्या फाइलचा प्रत्येक तपासलेला तुकडा पूर्ण फाइलच्या तुकड्याइतकाच खरा असतो.

शब्दवेडी
लागते. माझी आई उन्हाळ्यात अदमुऱ्याचेच विरजण लावत असे, म्हणजे दही आंबट होत नसे.

जुन्नरकर
आमच्याकडे तसे लावलेले दही तार धरते. तुमच्याकडे दूध म्हशीचे असावे.