मदत हवी आहे: येझदीवरून कोकण, कोणत्या रस्त्याने?

नमस्कार मंडळी. बाबांची १९८६ची येझदी रोडकिंग मोटरसायकल दोन वर्षं खटपट करून चालू केली आहे. तिच्यात किक आणि गिअरची दांडी एकच. किक मारून झाली की तीच फिरवून पुढे घ्यायची. बाबा आता ६९ वर्षांचे आहेत, हात थरथरतो, पण ती दांडी पाय न बघता शोधतो.

ते म्हणतात, तेव्हा मुंबई-गोवा रस्ता अरुंद होता, पण कशेडी घाटात दहा-दहा मिनिटं समोरून कोणी येत नसे. मजा होती ती त्या मोकळेपणाची. मला वाटतं ते खरंच सांगतात. मी गेल्या मे महिन्यात त्याच महामार्गावर गेलो, तर सगळं लक्ष मागच्या ट्रेलरवर आणि पुढच्या डायव्हर्जनवर. समुद्राचा वास आला तो थेट गणपतीपुळ्याला.

त्यांना मागे बसवून अलिबागहून सागरी मार्गाने गुहागरपर्यंत न्यायचंय. दिघी, वेसवी, दाभोळच्या जेट्टीवर जुनी टू-स्ट्रोक गाडी फेरीबोटीत चढवताना-उतरवताना त्रास होतो का? वाटेत टूटी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) मिळतं, की डबा सोबत घेऊ? श्रीवर्धन-हरिहरेश्वर पट्ट्यात रस्ता सध्या कसा आहे? नुकतंच कोणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. डिसेंबरात निघायचंय.