वीटभट्ट्यांच्या धुराबाबत निवेदन: आपली नेमकी मागणी कोणती?

सचिव: सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. परिसरातील वीटभट्ट्यांच्या धुराबाबत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा काल ग्रुपवर पाठवला आहे. त्यात ‘भट्ट्या तत्काळ बंद कराव्यात’ ही एकच मागणी आहे. कृपया सविस्तर मते मांडावीत.

बी-३०२: सचिव महोदय, मसुद्यामागची कळकळ योग्यच आहे, परंतु मागणी मोघम आहे आणि मोघम मागणीला कार्यालयातून मोघम उत्तर मिळते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी वीटभट्ट्यांसाठी सुधारित मानके अधिसूचित केली आहेत. त्यांनुसार धुरांड्यातून बाहेर पडणारे धूलिकण प्रति घनमीटर २५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नयेत. भट्टी उभारताना ती लोकवस्ती व फळबागांपासून किमान ८०० मीटर आणि दुसऱ्या भट्टीपासून किमान १ किलोमीटर दूर असली पाहिजे. तसेच पेटकोक (तेलशुद्धीकरणातून उरणारे कोळशासारखे इंधन), टायर, प्लास्टिक व घातक कचरा जाळण्यास मनाई आहे. फळबागांचा उल्लेख उगाच आलेला नाही. माती भाजली जात असताना तिच्यातील फ्लोरीन वायुरूपाने बाहेर पडतो आणि झाडांच्या पानांच्या कडा करपतात. यांपैकी कोणत्या नियमाचा भंग कोठे होत आहे, हे आपण लिहिले तर अधिकाऱ्यांना त्याची पडताळणी करावीच लागेल.

ए-५०१: एक अडचण मांडतो. आपली इमारत उभी राहण्यापूर्वीपासून त्या भट्ट्या तेथे आहेत. मग अंतराच्या नियमावर आपण बोट कसे ठेवणार?

सी-१०४: कोण आधी आले, हा प्रश्न मुलांच्या फुफ्फुसांना लागू होत नाही. आमच्याकडे रात्री खिडक्या बंद ठेवूनही जळका वास येतो आणि सासूबाईंचा दमा हिवाळ्यात बळावतो. बंद करण्याची मागणी आपण का सोडावी, हे मला अद्याप पटलेले नाही.

बी-३०२: ताई, आपला त्रास खरा आहे आणि निवेदनात तो सर्वांत आधी यावा, असेच माझेही मत आहे. ए-५०१ यांचा आक्षेपही तितकाच खरा आहे आणि म्हणूनच सगळा भार अंतरावर टाकू नये असे मी म्हणतो. त्याच अधिसूचनेत जुन्या भट्ट्यांनाही झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टच्या (विटा उभ्या पोकळीतून वरून खाली सरकत भाजल्या जातात त्या) पद्धतीकडे वळणे, अथवा नळाद्वारे येणारा नैसर्गिक वायू वापरणे बंधनकारक केले आहे. इंधनाचे निर्बंधही भट्टी जुनी आहे म्हणून शिथिल होत नाहीत.

या पद्धतींतील फरक थोडक्यात सांगतो, कारण आपल्या मागणीचा गाभा तोच आहे. जुन्या भट्टीत विटांच्या रांगांमधून हवा सरळ निघून जाते आणि कामगार बऱ्याच वेळाने, पण एका दमात पुष्कळ कोळसा टाकतात. त्या वेळी हवा अपुरी पडते, कोळसा अर्धवट जळतो आणि धुरांड्यातून काळा लोट उठतो. झिगझॅग मांडणीत हवेला विटांमधून वळणे घेत जावे लागते, त्यामुळे ती इंधनात नीट मिसळते, आणि कोळसाही थोडा थोडा, वरचेवर टाकला जातो. काळा धूर म्हणजे मालकाने पैसे मोजून आणलेले आणि न जळताच बाहेर गेलेले इंधन. त्यामुळे या एका बाबतीत त्याचे आणि आपले हित एकच आहे. बांगलादेशात २७६ भट्ट्यांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ प्रशिक्षण व तांत्रिक साहाय्य देण्यात आले आणि सुधारणा अमलात आणणाऱ्या भट्ट्यांत ऊर्जेचा वापर सुमारे २३ टक्क्यांनी आणि पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांचे उत्सर्जन सुमारे २० टक्क्यांनी घटले. मर्यादाही सांगायला हवी: कोळशातील गंधकामुळे होणारा सल्फर डायऑक्साइड मांडणी बदलून नाहीसा होत नाही, इंधन जितके वाचेल तितकाच तो कमी होतो.

ए-५०१: हे पटते. पण नियम आधीही होतेच ना? अंमलबजावणी कोण करणार?

बी-३०२: खरी उणीव तेथेच आहे. बांगलादेशाने २०१३ च्या कायद्याने शाळांपासून १ किलोमीटरच्या आत भट्टीला बंदी घातली. तरीही उपग्रह छायाचित्रांवरून केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ७७ टक्के भट्ट्या त्या अंतराच्या आतच आढळल्या. कागदावरचे अंतर कोणी मोजलेच नाही, तर त्याला अर्थ उरत नाही. उपग्रह नकाशावर प्रत्येक भट्टीपासून आपल्या कुंपणभिंतीपर्यंतचे अंतर मोजून ते निवेदनाला जोडावे, आणि आपल्या परिसरातील भट्ट्यांना हवा प्रदूषण अधिनियम १९८१ अन्वये मंडळाची संमती आहे का, असल्यास तिच्या अटी कोणत्या, हे माहितीच्या अधिकारात विचारावे, असे मी सुचवतो.

सी-१०४: बंद करण्याच्या मागणीऐवजी भट्ट्यांना नियम पाळायला लावण्याची ही मागणी मला मान्य आहे, मात्र टायर किंवा प्लास्टिक जाळणाऱ्या भट्टीला सुधारणेसाठी मुदत देऊ नये, ती थांबवावीच, असे स्पष्ट लिहावे. आणखी एक गोष्ट मला खटकते. वस्तीपासूनचे अंतर मोजताना भट्टीच्या आवारातच झोपड्यांत राहणारी कामगारांची कुटुंबे कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा अधिक धूर त्यांच्या मुलांच्या श्वासात जातो. त्यांची आरोग्य तपासणी व्हावी, हीही मागणी घालावी.

बी-३०२: पूर्ण सहमत. हे मलाच सुचायला हवे होते. मसुद्यात ते पहिल्या पानावर असावे, इतके महत्त्वाचे आहे. तपासणीविषयीही एक वाक्य घालावे: अधिकाऱ्यांनी पूर्वसूचना न देता यावे आणि कोळसा टाकण्याची फेरी चालू असताना धुरांड्यातील नमुना घ्यावा. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळी घेतलेला नमुना कमी कण दाखवतो.

सचिव: या सर्व सूचना मसुद्यात घेत आहे. अंतरे मोजण्याचे काम बी-३०२ यांनी करावे. सी-१०४ यांनी धुराचा त्रास कोणत्या रात्री, किती वाजता आणि वारा कोणत्या दिशेचा असताना होतो, याची नोंद ठेवावी. इतर सभासदांनीही आपापल्या नोंदी त्यांच्याकडेच द्याव्यात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी उद्या लिहून येथे पाठवतो.