जीन्सला आतून लावलेले ठिगळ टिकत नाही, मदत हवी आहे

रोज सायकल चालवल्यामुळे माझ्या दोन जीन्स मांडीच्या आतल्या बाजूला, चार शिवणी एकत्र येतात त्याच्या जरा खाली, विरल्या आहेत. बाकीचे कापड, चेन आणि कंबरपट्टा अजून धडधाकट असल्यामुळे त्या टाकवत नाहीत, आणि नव्या घेण्याइतका खर्च सध्या परवडणाराही नाही. घरात आईचे जुने पायमशीन आहे, परंतु त्यावर फक्त सरळ टीप पडते. मी शिवण रीतसर शिकलेलो नाही. उसवलेले शिवणे आणि पँटची उंची कमी करणे एवढे मात्र नीट जमते.

पहिल्या जीन्सला तळहाताच्या निम्म्याएवढे भोक पडले होते. निळे उभे धागे झिजून तुटले होते आणि पांढरे आडवे धागे तेवढे शिडीच्या पायऱ्यांसारखे उरले होते. जुन्या जीन्सचा चौकोनी तुकडा आतून ठेवून मी त्याच्या चारही कडांना दोन-दोन टिपा मारल्या, आणि मजबुती यावी म्हणून टाका मुद्दाम बारीक ठेवला. काम इतके नेटके झाले होते की मी ते घरात सर्वांना दाखवले. तिसऱ्या धुण्यानंतर ठिगळ जागच्या जागी होते, मात्र त्याच्या वरच्या कडेला, बरोबर टिपेच्या रेषेवर, जीन्स पोस्टाच्या तिकिटासारखी फाटली होती.

दुसरी जीन्स अजून फाटलेली नाही, पण उजेडासमोर धरली की तेवढा भाग जाळीसारखा दिसतो. ती थोडी ताणली जाणारी आहे. तिला हात लावण्यापूर्वी ठिगळाचे कापड कोणते घ्यावे, टाका किती मोठा ठेवावा, आणि शिवणींच्या जाड जोडावर सुई मोडू नये म्हणून काय करावे, हे कृपया कोणी सांगेल का? मी १४ नंबरची सुई वापरली होती.

प्रतिसाद:
तुमचे शिवणे कच्चे नव्हते, ते जरुरीपेक्षा पक्के झाले. विरलेल्या कापडात बारीक टाक्यांनी ओळीने भोके पडली आणि जाड ठिगळाचा सगळा ताण त्या एकाच रेषेवर आला. ठिगळ विरलेल्या भागाच्या पलीकडे, चांगल्या कापडात निदान दोन-तीन सेंटीमीटर जाईल एवढे मोठे घ्या, कोपरे गोल कापा, आणि तुकडा आधी धुऊन घ्या, म्हणजे तो नंतर आटून ओढ धरणार नाही. जाड जीन्सऐवजी जुन्या सुती शर्टाएवढे पातळ, पण घट्ट विणीचे कापड पुरते. कडेने चौकट शिवण्याऐवजी विरलेल्या भागावर जवळजवळ ओळीत टिपा पुढे-मागे मारा. टाका तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि प्रत्येक ओळ थोडी मागेपुढे संपवा. ओळींची टोके एका रेषेत आली, तर पुन्हा तिकीटच होईल.

ताणणाऱ्या जीन्सला मात्र ताणणारेच ठिगळ हवे, आणि दोन्हींचा ताण एकाच दिशेला यायला हवा. टाकून दिलेल्या तशाच जीन्सचा पोटरीकडचा भाग सहसा फारसा झिजलेला नसतो, तो चालेल. सरळ टीप ताण पडल्यावर तटकन तुटते, म्हणून या ठिगळाची कड हाताने, एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या टाक्यांनी सैलसर शिवावी. जाड जोडावर १६ नंबरची सुई लावा, मशीनचे चाक हाताने फिरवा, आणि दाबपट्टी मागे कलत असेल, तर तिच्या मागच्या बाजूखाली कापडाची घडी सरकवून ती सपाट करा.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. दुसऱ्या जीन्सचे ठिगळ काल हाताने लावून झाले. उकिडवे बसून पाहिले, तेव्हा कुठेही ओढ जाणवली नाही. पहिल्या जीन्सचे जुने ठिगळ काढायला बसलो आहे, पण एवढे बारीक टाके मीच घातले असल्यामुळे अर्ध्या तासात जेमतेम एक बाजू उसवली आहे.