शब्दचर्चा : ‘राहणीमान’, ‘हाल’ आणि ‘करमणं’

परळहून

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी एक प्रश्नावली मराठीत करते आहे. चाळ सोडून टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांचं एकूण कसं चाललं आहे, ते विचारायचं आहे. मूळ मजकुरात ‘वेल-बीइंग’ आणि ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ हे दोन शब्द पावलोपावली येतात. पहिल्याला मी ‘कल्याण’ लिहिलं, दुसऱ्याला ‘जीवनमान’. पहिल्याच आजींना प्रश्न वाचून दाखवला : “तुमचं कल्याण कितपत झालं असं वाटतं?” त्या म्हणाल्या, “कल्याण देव करतो गं. त्यालाच विचार.”

त्यांचं बरोबर आहे. कल्याण कुणीतरी आपलं करतं. सरकारचं समाजकल्याण खातं असतं, मोठी माणसं ‘कल्याण असो’ म्हणतात. स्वतःबद्दल कुणी ‘माझं कल्याण बरं चाललंय’ असं म्हणत नाही. मग कुठला शब्द घेऊ?

गिरगावातून

ताई, ‘कल्याण’ काढलंत तर ‘जीवनमान’ही काढा. जीवनमान, राहणीमान, आयुर्मान या सगळ्यांतलं ‘मान’ म्हणजे माप. तापमान, पर्जन्यमान यांतही तेच. (‘वर्तमान’ यात ओढू नका, तिथे तो प्रत्यय आहे.) माप बाहेरून घेतलं जातं. पर्जन्यमान पावसाला विचारून ठरत नाही, तसंच राहणीमानही माणसाला न विचारता काढता येतं. बी.डी.डी. चाळीतली (मुंबईतल्या ब्रिटिशकालीन सरकारी चाळी) खोली १६० चौरस फुटांची आणि पुनर्विकासात मिळणारं घर ५०० चौरस फुटांचं, म्हणजे राहणीमान वाढलं. यात खोटं काही नाही. १९९० साली मानव विकास निर्देशांक आला, तोही असाच मापाचा : आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न. नुसत्या उत्पन्नावर देश जोखण्यापेक्षा ते फार पुढचं पाऊल होतं.

पण जागतिक आरोग्य संघटनेने ‘क्वालिटी ऑफ लाइफ’वरच २६ प्रश्नांची एक प्रश्नावली केली आहे. तिथे व्याख्याच अशी की, माणूस ज्या संस्कृतीत आणि ज्या मूल्यांत जगतो, त्यात स्वतःच्या जगण्याकडे तो स्वतः कसं पाहतो. हे ‘मान’ नव्हे. याला ‘जीवनमान’ म्हटलंत तर प्रश्नच बदलतो.

मुलुंडहून

‘क्षेम’ सुचवतो. योग म्हणजे नाही ते मिळवणं, क्षेम म्हणजे आहे ते राखणं. आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईतल्या मुख्यालयाचं नाव ‘योगक्षेम’ आहे आणि ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे गीतेतलं वचन त्यांच्या बोधचिन्हात आहे. माझे वडील गावी पत्र लिहायचे तेव्हा सुरुवात ठरलेली असायची : ‘इकडील सर्व क्षेम. तुमची खुशाली कळवावी.’ आपलं क्षेम आधी सांगायचं, मग समोरच्याचं विचारायचं. या शब्दातला जपण्याचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो, कारण उतारवयात मिळवण्यापेक्षा राखायचंच जास्त असतं. पण खरं सांगतो, आज तो तोंडात बसत नाही.

ठाकुर्लीहून

खुशालीवरून सांगते. फारसी ‘खुश’ आणि अरबी ‘हाल’ मिळून ‘खुशहाल’, त्याचं आपण ‘खुशाल’ केलं. हाल म्हणजे नुसती स्थिती, बरीही असेल, वाईटही. उर्दूत आजही ‘क्या हाल है’ हा साधा प्रश्न आहे. मराठीने मात्र एकट्या ‘हाल’ला वाईटाकडेच ढकललं. ‘पावसामुळे प्रवाशांचे हाल’ हा मथळा मी लहानपणापासून दर जुलैत वाचते आहे. ‘तुमचे हाल कसे आहेत’ असं मराठीत विचारलं तर समोरचा दचकेल.

मी अठ्ठावीस वर्षं लोकलने फोर्टात कामाला येते. सकाळच्या गाडीत लटकताना शरीराचे हाल होतात, त्यात शंका नाही. पण त्याच डब्यात डोहाळजेवणं झाली, भिशी चालली, माझी आई गेली तेव्हा सलग दहा दिवस बायकांनी मला बसायला जागा दिली. त्या डब्यातल्या माझ्या स्थितीला काय म्हणाल? हाल की खुशाली? मला दोन्ही शब्द एकाच वेळी लागतात, आणि दोन्हींच्या पोटात एकच ‘हाल’ आहे हे कळल्यापासून बरं वाटतं.

पार्ल्यातून

‘स्वास्थ्य’ राहिलंच. स्व-स्थ, स्वतःच्या ठिकाणी असलेला. आयुर्वेदाचा आचार्य सुश्रुत याने स्वस्थ माणसाचं लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू यांचा समतोल सांगून शेवटी ‘प्रसन्नात्मेन्द्रियमनाः’, म्हणजे आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असलेला, असं जोडलं आहे. १९४८ साली अमलात आलेल्या आरोग्य संघटनेच्या घटनेतही आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी बरं असणं, असंच आहे. अडचण इतकीच की प्रश्नावलीत ‘स्वास्थ्य’ दिसलं की लोक रक्तदाबाच्या गोळ्या सांगू लागतील.

परळहून

सगळ्यांचे आभार. काल त्याच आजींकडे पुन्हा गेले होते. या वेळी कागद पिशवीतच ठेवला. घर दाखवलं त्यांनी : संडास घरात, खिडकीतून वारा, लिफ्ट. मग म्हणाल्या, “सगळं छान आहे गं. पण करमत नाही.”

मला शब्द मिळाला! ‘करमणं’. नव्या नवरीला विचारतात, वसतिगृहात ठेवलेल्या मुलाला विचारतात, निवृत्त झालेल्याला विचारतात : करमतं का? वाक्याची घडण पाहा. ‘मी करमतो’ असं होत नाही, ‘मला करमतं’ असंच होतं. बरं वाटतं, आवडतं, रुचतं, सुचतं यांच्या जातीचं हे क्रियापद आहे. माणूस तिथे कर्ता नसतो. जागा, माणसं, हातातलं काम, दिवसाची लय हे सगळं जुळलं की त्याला करमतं. कुणाला कितीही वाटलं तरी ठरवून करमवून घेता येत नाही. शिवाय हा शब्द नकारातच जास्त राबतो. करमत असतं तेव्हा आपण तसं बोलून दाखवत नाही, थांबलं की कळतं.

आजींना का करमत नाही, तेही त्यांनीच सांगितलं. चाळीत दार दिवसभर उघडं असायचं. इथे उघडं ठेवलं तर वॉचमन येऊन विचारतो, “आजी, काही झालं का?”

नायगावातून

थोडं कडक बोलते, राग मानू नका. मी त्याच चाळीत सून म्हणून आले. संडास मजल्याच्या टोकाला, सामायिक. गरोदरपणात रात्री तिथवर जाताना मला काय वाटायचं, ते ‘करमणं’ या शब्दात मावत नाही. सासूबाईंना करमत होतं, कारण त्यांचं उघडं दार होतं. मला त्या उघड्या दारामुळे कपडे बदलायला आडोसा नव्हता. आज माझ्या लेकीला अभ्यासाला वेगळी खोली आहे. करमण्याबद्दल जरूर विचारा, पण तो एकच प्रश्न ठेवून राहणीमान पुसून टाकू नका.

परळहून

राग कसला? हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी चुकीचा कागद घेऊन घरोघर फिरले असते. आता दोन प्रश्न वेगळे केलेत, आणि घरातल्या प्रत्येक बाईला ते स्वतंत्र विचारणार आहे, सासूसमोर सुनेला नाही :

‘नव्या घरात कोणकोणती सोय झाली? कुठले हाल थांबले?’
‘इथे तुम्हाला करमतं का? दिवसातल्या कुठल्या वेळी करमत नाही?’

‘दिवसातल्या कुठल्या वेळी’ हे आजींमुळे घातलं. त्यांची वेळ दुपारी चारची आहे, चहाची.

मंडळात मालवणी आणि खानदेशी माणसं बरीच आहेत. तुमच्याकडे ‘करमत नाही’ला घरात काय म्हणतात, ते लिहा. प्रश्न त्याच शब्दात विचारायचा आहे.