डेथ मेटलचा सीन नुसत्या रागातून उभा राहतो का?

खर्जातला
डेथ मेटल म्हणजे हेव्ही मेटल रॉकचा जहाल प्रकार, आणि सीन म्हणजे एखाद्या गावात त्याचे बँड, ऐकणारे आणि जागा यांचं जमलेलं जाळं. काल एकाने लिहिलं होतं, "फ्लोरिडात डेथ मेटल जन्मलं कारण तिथल्या पोरांच्या पोटात राग होता. मुंबईच्या पोरांकडे महागडी गिटारं आहेत, राग नाही. म्हणून आपल्याकडे सीन कधी झालाच नाही." त्यावर लोक भराभर माना डोलावताना पाहून झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

राग काय कुठेही असतो. संध्याकाळी साडेसहाच्या विरार लोकलमध्ये चढून बघा. फ्लोरिडातल्या टँपात वेगळं काय होतं? १९८१ पासून मॉरिस बंधूंचा मोरिसाउंड स्टुडिओ होता. तिथे स्कॉट बर्न्स नावाचा इंजिनियर होता आणि हे संगीत टेपवर कसं उतरवायचं ते त्याला उमगलं. सूर खाली उतरवलेली गिटार, दोन्ही पायांनी चाललेला बेस ड्रम, वर खर्जातली गुरगुर. साध्या स्टुडिओत याचा नुसता चिखल होतो. मोरिसाउंडच्या रेकॉर्डिंगमध्ये पायाचा एकेक ठोका सुटा ऐकू येतो. 'डेथ', 'ऑबिच्युअरी', 'मॉर्बिड एंजल', 'डिसाइड', या सगळ्या बँडचे १९८८ ते १९९० मधले अल्बम त्याच दारातून बाहेर पडले. 'कॅनिबल कॉर्प्स' तर न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोची. रेकॉर्डिंगला टँपात आली आणि पुढे तिथलीच झाली. राग बफेलोतही होताच की! स्टुडिओ नव्हता.

जुनी_कॅसेट
साफ असहमत. स्टुडिओला देव्हाऱ्यात बसवू नका. चक शुल्डिनरने १९८३-८४ च्या सुमारास ऑर्लँडोजवळ 'मँटास' नावाचा बँड काढला, त्याचीच पुढे 'डेथ' झाली. तेव्हा कुठला बर्न्स आणि कुठला मोरिसाउंड? खरखरीत डेमो, म्हणजे घरगुती नमुना-कॅसेटी, आणि ते पोस्टाने या देशातून त्या देशात. 'डेथ'चा १९८७ चा पहिला अल्बम तर कॅलिफोर्नियात रेकॉर्ड झालाय. आधी पोरं, मग कॅसेटी, मग स्टुडिओ.

मला ही कॅसेट १९९२ ला साताऱ्यात मिळाली. पुण्यात शिकणाऱ्या आतेभावाने कॉपीची कॉपी करून आणली होती. आत वहीचा रेघी कागद कापून घातलेला, त्यावर निळ्या बॉलपेनने 'डेथ'. आईने ते वाचलं आणि म्हणाली, असलं नाव देवाच्या खोलीत नको. मग ती कॅसेट पाच वर्षं माडीवर धान्याच्या कणगीमागे राहिली. खरखर इतकी की झांजा कुठल्या आणि टेपचा आवाज कुठला ते कळायचं नाही. तरी अंगावर काटा यायचा. मला कुठल्या इंजिनियरने मेटल शिकवलेलं नाही.

खर्जातला
ऐकणारा तयार होणं वेगळं आणि सीन तयार होणं वेगळं. तुमच्या साताऱ्यात बँड किती निघाले?

जुनी_कॅसेट
एक निघाला. मी आणि आतेभाऊ. आठ महिने टिकला. माणसाचं दुखतं तिथेच बोट ठेवायचं असेल तर ठेवा.

उत्तरध्रुव
मी आठ वर्षं स्टॉकहोममध्ये राहते, म्हणून थोडं. इथेही सनलाइट स्टुडिओ आणि टोमास स्कुग्सबेरी यांचं नाव आदराने घेतात. 'एंटूम्ड'चा १९९० चा पहिला अल्बम तिथलाच. तो करवतीसारखा गिटारचा आवाज बॉस कंपनीच्या एचएम-२ या गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलमधून येतो. नवऱ्याच्या सहकाऱ्याकडे आहे ते, काळी डबी, नारिंगी अक्षरं, चार बटणं. त्याने चारही शेवटपर्यंत पिळली आणि एकच तार छेडली, तर टेबलावरचा चमचा थरथरत सरकला.

पण त्याच्याही आधीची गोष्ट कुणी बोलत नाही. इथे महापालिकेच्या संगीतशाळा आहेत. माझी मुलगी तिथे ट्रम्पेट शिकते, फी अगदी माफक. शिवाय लोकशिक्षणाच्या संस्था आहेत. चार पोरांनी बँडला 'अभ्यासमंडळ' म्हणून नोंदवलं की सरावाच्या खोलीला मदत मिळते. सोळा वर्षांच्या मुलाला ड्रम बडवायला जागा मिळाली तर दहातला एक कुठेतरी पोचतो. बाकीचे नऊ जण त्याची तिकिटं काढतात.

डबल_पेडल
ताई, तुम्ही नेमक्या दुखण्यावर हात ठेवलात. मी डोंबिवलीचा, ड्रम वाजवतो. वाजवायचो म्हणू. पहिली तीन वर्षं उशांवर. बेस ड्रमच्या जागी गादीची गुंडाळी, तिला पेडल टेकवायचं, मधे जुनी सतरंजी. तरी खालच्या मजल्यावरचे काका काठीने छत ठोकायचे. जॅमरूम, म्हणजे सरावाची खोली, तासावर भाड्याने. चौघांनी पैसे काढून आठवड्याला दोन तास मिळायचे, त्यातला अर्धा तास ट्यूनिंगमध्ये. शेवटची लोकल चुकली की फलाटावर झांजांची पिशवी उशाला घेऊन पहाट काढायची.

आणि शो करणार कुठे? धोबीतलावचं रंगभवन होतं, उघडं नाट्यगृह. तिथे आय-रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा, १९८६ ला सुरू झालेला. आजूबाजूला जीटी, कामा रुग्णालय, झेवियर्स. शांतता क्षेत्र म्हणून २००३ च्या सुमारास तिथलं संगीत बंद झालं. रुग्णांना त्रास नको, मान्य. पण बदल्यात दुसरी जागा कुणी दिली? आणि त्याच शहरात विसर्जनाला रुग्णालयांसमोरून भिंतीएवढे स्पीकर जातात, तेव्हा शांतता क्षेत्र कुठे जातं?

पथकवाला_पुणे
आलं! विषय कुठलाही असो, गाडी गणपतीवर येणारच. आठ वर्षं ताशा वाजवतोय मी, पथकात. डीजेच्या भिंती आणि आमचं पथक एकाच पारड्यात टाकू नका. आमच्यात एकाच्याही खिशात पैसा जात नाही. पावसात नदीपात्रात चिखलात उभं राहून दोन महिने सराव करतो. तुमच्या इंग्रजी किंचाळण्याला जागा मिळाली नाही तर त्यात आमचा काय दोष?

डबल_पेडल
पथकाचं नाव तरी घेतलं का मी? स्पीकर म्हणालो. आणि नियम सगळ्यांना सारखा हवा. २००० च्या नियमांनुसार रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटर शांतता क्षेत्र, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. ते पंधरा दिवस कुणाच्या वाट्याला येतात ते सांगा. आम्हाला एक दिवस मिळालाय का कधी?

पथकवाला_पुणे
मागितलात का कधी? परवानगीसाठी पोलीस चौकीत तीन-तीन चकरा आम्ही मारतो. वांद्र्यात कॉफी पीत सीन मेला म्हणून रडायचं आणि मराठी माणसाचा सण दिसला की खुपायचं.

डबल_पेडल
मी डोंबिवलीचा आहे हे वर लिहिलंय. वडील गिरणीत होते. मला वांद्रे दाखवू नका. चौकीत आम्ही गेलो होतो. पोस्टरवरचं नाव वाचून साहेबांनी हे सैतानाचं आहे का विचारलं आणि कागद परत दिला. त्या दिवशी बँड मोडला.

खर्जातला
दोघेही जरा थांबा. मूळ मुद्दा सीनचा आहे.

उत्तरध्रुव
मला वाटतं हाच मूळ मुद्दा आहे. पुण्यात ढोलताशा पथकं एवढी का वाढली? नदीकाठ मिळाला म्हणून. रोज ठरल्या वेळी, नवख्याला शेजारी उभं करून शिकवणारं कुणीतरी आहे म्हणून. तुम्ही वर्णन करताय तो एका प्रदेशाचा संगीताचा सीनच आहे. फक्त त्याला जागा मिळाली.

जुनी_कॅसेट
हे पटलं. नाइलाजाने पटलं, कारण यात खर्जातल्यांचा स्टुडिओही येतो. पण दुकान विसरू नका. ब्राझीलच्या बेलो होरिझॉन्तेत 'कोगुमेलो' हे रेकॉर्डचं दुकान होतं. पोरं तिथे जमायची, मग दुकानानेच १९८५ मध्ये 'सेपुल्तुरा'ची पहिली रेकॉर्ड काढली. बर्न्स त्यांच्यासाठी रिओला गेला तो नंतर, आणि त्यांनी मोरिसाउंड गाठलं ते त्याच्याही नंतर. म्हणजे क्रम मी म्हणतो तोच.

खर्जातला
क्रम तुमचा मान्य, बेलो होरिझॉन्तेपुरता. पण मुंबईत सीन झालाच नाही हे मी मान्य करणार नाही. साहिल मखिजाने २००० मध्ये 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा बँड काढला, स्वतःचं रेकॉर्ड लेबल चालवलं, दुसऱ्यांचे बँड रेकॉर्ड केले. २०१० मध्ये त्यांना लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कार मिळाला. 'भयानक मौत' आहे. 'गटस्लिट' युरोपात दौरे करते. एका माणसाने घरात स्टुडिओ मांडला तर इतकं झालं. मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

पथकवाला_पुणे
वर उद्धृत केलेलं ते "राग नाही" वालं मत चूक आहे एवढं माझ्याकडून लिहून घ्या. बाकी डबल पेडलभाऊ, चौकीतला प्रसंग वाईट झाला. सैतान वगैरे बोलायला नको होतं त्यांनी. आमच्या पथकातल्या एका पोराने मला तुमच्यातला ब्लास्ट बीट, तो हातपाय एकदम चालवायचा सुसाट ठेका, ऐकवला होता. हाताच्या बाजूने तो ताशाच्या तर्रीच्या फार जवळचा आहे, पायाचं काम मात्र जमणार नाही आम्हाला. किती मिनिटं टिकतो पाय त्या वेगात?

डबल_पेडल
सलग चार मिनिटं टिकायचा. आता पोटऱ्या भरून येतात, दीड मिनिटात. टाच वर ठेवून घोट्यातून मारायचं, मांडी उचलली की संपलं. तुमचा सराव किती वाजता असतो?

पथकवाला_पुणे
रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ. दहाच्या आत बंद करतो, नियमाने. रविवारी या. पेडल आणा, गादी नको.