तवा पुलाव: कालच्या भाताचा की मुद्दाम शिजवलेल्या भाताचा?

(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

गिरगावकर

घरी तवा पुलाव करायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "कालचा भात उरलाय ना, मग झालं काम." मला हे अजिबात पटत नाही. तवा पुलावासाठी भात त्याच दिवशी, मुद्दाम त्याच्यासाठी शिजवलेला हवा.

कारण सांगतो. आपल्याकडे रोजचा भात वरणाबरोबर कालवायचा असतो. कोलम, आंबेमोहोर किंवा इंद्रायणी, कुकरला तीन शिट्ट्या, मऊसूत. बऱ्याच घरांत त्यात मीठही नसतं. वरण-भातासाठी तो उत्तमच, पण तव्यावर टोमॅटोच्या रसात पडला की त्याचा लगदा होतो. वरून कितीही मीठ मारा, दाणा आतून अळणीच लागतो. पावभाजीच्या गाडीवर तवा पुलाव मिळतो तो भात मुद्दाम या कामासाठी मोकळा शिजवलेला असतो.

माझी पद्धत: बासमती अर्धा तास भिजवायचा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि चमचाभर तेल. दाणा बोटांत दाबल्यावर मधे किंचित कण लागला की लगेच वेळून घ्यायचा आणि परातीत पसरायचा. वाफ पूर्ण जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात भाज्या चिरून होतात.

डब्याची घाई

अहो दादा, तुमचं सगळं खरं, पण मग हा पदार्थ झटपट कसा राहिला? भिजवणं, वेळणं, पसरणं, थांबणं यात तास-सव्वा तास जातो. मी संध्याकाळी साडेसातला घरी येते. फ्रिजमधला भात आणि ढोबळी मिरची, मटार, टोमॅटो हाताशी असले की वीस मिनिटांत चौघांची ताटं भरतात. या पदार्थाची गंमतच त्यात आहे.

शिवाय थंड भात वाईट हे चूक आहे. शिजलेला भात गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा आवळतो, दाणा कडक होतो, म्हणून तर तो परतताना मोडत नाही. गरम, ताजा भात तव्यावर टाकून बघा, चिकटून बसेल. आमच्याकडे कोलमच असतो. पाणी बेताचं घातलं तर त्याचाही दाणा सुटा राहतो. मिठाचं म्हणाल तर भात फ्रिजमधून काढला की मिठाच्या पाण्याचा हबका मारून हाताने मोकळा करते आणि दहा मिनिटं ठेवते.

गिरगावकर

ताई, गरम भात मीही म्हणत नाही, गार करूनच घ्यायचा. पण कालच्या भातात पावभाजी मसाला घातला की तो फोडणीच्या भाताचा भाऊ होतो. फोडणीचा भात मला मनापासून आवडतो, पण तो वेगळा पदार्थ आहे.

जुना खवय्या

नावाचाच आग्रह धरायचा तर दोघांचाही पुलाव नाही. पुलावात तांदूळ कच्चा पडतो आणि त्याच भांड्यात, मसाल्याच्या पाण्यात शिजून ते सगळं पाणी पितो. इथे शिजलेला भात वरून परततोय. तेव्हा नावावरून वाद नको, चवीवरून बोलू.

स्वयंपाकघरातली सावधगिरी

मला यात एक गंभीर गोष्ट सांगायची आहे. "कालचा भात" म्हणताना तो रात्रभर कुठे होता हे कुणी विचारत नाही. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदूळ शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या आणणारं विष नंतर कितीही परतलं तरी नष्ट होत नाही. म्हणून "तव्यावर चांगला गरम करते की" हे उत्तर पुरेसं नाही. भात उरणार हे कळलं की तासाभरात पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. एवढं केलं तर डब्याची घाई यांची बाजू मला मान्य आहे. ओट्यावर राहिलेला भात मात्र सरळ टाकून द्या, त्याची हळहळ नको.

आणि हे ताज्या भातालाही लागू आहे बरं. सकाळी वेळून ठेवला आणि रात्री परतला, असं करू नका.

लोखंडी तवा

भातावर एवढी चर्चा झाली, पण घरचा पुलाव फसतो तो तव्यावर. गाडीवरचा तवा जाड आणि भलामोठा असतो, खाली मोठी आच. त्यावर टोमॅटो पडला की पाणी क्षणात उडतं. आपण घरच्या शेगडीवर छोट्या कढईत पाच जणांचा भात एकदम ढकलतो. मग भाज्या परतल्या न जाता वाफवल्या जातात आणि खाली पाणी साचतं. माझा नियम पक्का आहे: एका वेळी दोनच ताटांचा पुलाव. चौघांसाठी दोनदा करा.

दुसरी गोष्ट लाल मिरची-लसणाची पेस्ट. आठ-दहा बेडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायच्या, सहा-सात लसूण पाकळ्यांबरोबर बारीक वाटायच्या. बेडगी तिखटाला बेताची, रंगाला जबरदस्त. हा रंग स्निग्धात उतरतो, म्हणून पेस्ट तेलात टाकून कडेने तेल सुटेपर्यंत परतायलाच हवी. टोमॅटो त्यानंतर. आधी टोमॅटो घातला तर लसणाचा कच्चा वास शेवटपर्यंत जात नाही.

लोणी सुरुवातीला घालू नका, त्यातला दुधाचा अंश करपतो. सुरुवात तेलात, लोण्याचा मोठा तुकडा भाताबरोबर.

डब्याची घाई

पेस्टबद्दल माझा विरोध आहे. पावभाजी मसाल्यात मिरची असतेच. त्यावर ही पेस्ट म्हणजे माझी सात वर्षांची मुलगी ताट बाजूला सारणार. मी दोन चमचे मसाला आणि ठेचलेला लसूण एवढंच घेते, मोठ्यांच्या ताटात वरून तिखट.

लोखंडी तवा

वरून घातलेलं तिखट कच्चंच लागतं, ताई. त्यापेक्षा दोन खेपा करायच्याच आहेत ना, पहिली पेस्ट न घालता मुलीसाठी करा, दुसरी पेस्ट घालून मोठ्यांसाठी. पेस्ट फ्रिजमध्ये चार दिवस नीट राहते, म्हणजे रोज वाटायलाही नको.

डब्याची घाई

दोन खेपांचं हे पटलं. उद्या करून बघते.

गिरगावकर

मिठाच्या पाण्याचा हबका मला सुचला नव्हता, तो मी कोलमवर करून बघणार. पण पाहुणे असतील तेव्हा मी बासमतीच वेळणार, त्यात बदल नाही. दाणा लांब, सुटा, वर लोण्याची चकाकी, शेवटी अर्धं लिंबू आणि मूठभर कोथिंबीर, सोबत कांद्याचा रायता आणि भाजलेला पापड. त्यासाठी तास गेला तरी मला चालतो.

जुना खवय्या

उकडलेल्या बटाट्याच्या फोडी कुणीच कशा घातल्या नाहीत? भाताआधी तव्यावर खरपूस करून घ्या.