१६ इंची अलॉय बसवल्यास स्विफ्टची चाके कमानीत भरलेली दिसतील का?

प्रश्न:
माझ्याकडे २०१८ सालच्या पिढीतील स्विफ्ट व्हीएक्सआय आहे. तिला १६५/८० आर १४ मापाचे (रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची) टायर, लोखंडी रिम आणि त्यांवर प्लास्टिकचे व्हीलकॅप आहेत. बाजूने पाहिले की गाडीचे अंग भरदार आणि चाके मात्र बारीक, आत ओढल्यासारखी वाटतात. शिवाय टायर आणि मडगार्डची कमान यांच्यातील पोकळीही डोळ्यांत भरते. दुकानदाराने १९५/५५ आर १६ टायर आणि ७ इंच रुंदीच्या अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या, रिम सुचवल्या आहेत. त्यामुळे हे रूप खरोखर बदलेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
बदलेल, पण आपल्याला अपेक्षित असलेली प्रत्येक गोष्ट बदलणार नाही, कारण पोकळी रिमच्या इंचांवर नव्हे, तर टायरच्या एकूण व्यासावर आणि गाडीच्या उंचीवर ठरते. आपल्या सध्याच्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो आणि १९५/५५ आर १६ चा सुमारे ६२१. म्हणजे रिम दोन इंचांनी वाढली तरी कमानीतील जागा जवळपास तेवढीच राहील. बदलेल ते धातू आणि रबर यांचे प्रमाण. आज टायरची बाजू १३२ मिलिमीटर उंच आहे, ती १०७ होईल, आणि गाडी अधिक तरतरीत दिसते ती याच फरकामुळे. २०५/५० आर १६ मात्र कोणी सुचवले तरी घेऊ नये, कारण त्याचा व्यास सुमारे ६११ मिलिमीटर आहे. नवे रुंद टायर घालूनही पोकळी चार मिलिमीटरने वाढेल आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवेल.

दुकानदाराने सांगितलेली ७ इंचांची रुंदी मला पटत नाही. १९५/५५ मापाच्या टायरला साडेपाच ते सात इंच रुंद रिम चालते, म्हणजे सात ही शेवटची मर्यादा झाली. तिथे टायरची बाजू ताणली जाते आणि रिमची कड उघडी पडून फुटपाथला आधी तीच घासते. सहा इंचांवर टायर नैसर्गिक बसतो, साडेसहावर त्याचे खांदे चौकोनी आणि भक्कम दिसतात. उलट, रुंद टायर अरुंद रिमवर चढवला तर तो मधोमध फुगतो आणि गाडी महागड्या टायरांवरही बेढब दिसते.

प्रतिसाद २:
चाके आत ओढल्यासारखी वाटतात, ही आपली मूळ तक्रार आहे, आणि तिचे उत्तर प्रामुख्याने ऑफसेटमध्ये आहे, ज्याविषयी दुकानात क्वचितच कोणी बोलते. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिम गाडीला जिथे टेकते तो पृष्ठभाग यांतील अंतर. रिमच्या मागच्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे तो मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. आकडा जितका लहान, तितके चाक बाहेर येते. समजा, जुनी रिम ५ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे, नवी ६ इंच रुंद आणि ईटी ४० आहे. तर बाहेरची कड सुमारे १८ मिलिमीटर बाहेर येईल आणि आतली सुमारे ८ मिलिमीटर सस्पेन्शनकडे सरकेल. एवढ्यानेही गाडीचा उभे राहण्याचा ढंग पालटतो. चाक कमानीच्या रेषेशी जुळले तर उत्तम, पण त्याबाहेर गेले तर पावसाळ्यात दारांवर चिखल उडतो आणि भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासतो.

प्रतिसाद ३:
रिमच्या नक्षीचाही विचार करावा. थेट कडेपर्यंत पोहोचणाऱ्या बारीक आऱ्यांमुळे १५ इंची चाकही मोठे भासते, तर जाड बाह्य कडा असलेले १६ इंची चाक लहान. काळा रंग सध्या लोकप्रिय असला, तरी काळ्या टायरात काळी रिम विरून जाते. चंदेरी रंगात तिचा पूर्ण आकार दिसतो. मोकळ्या नक्षीतून मागच्या ब्रेकचा लहान ड्रमही उघडा पडतो, आणि तो मला तरी खटकतो.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. माझा रोजचा रस्ता खड्ड्यांचा आहे, त्यामुळे टायरची उंची फार कमी करणे मला परवडणारे नाही. झेडएक्सआयला, म्हणजे स्विफ्टच्याच वरच्या प्रकाराला, कंपनीच देते ते १८५/६५ आर १५ टायर ६ इंच रुंद रिमवर घेतले तर?

प्रतिसाद १:
आपल्या वापरासाठी मी हेच माप निवडेन. व्यास सुमारे ६२१ मिलिमीटरच राहतो, टायरची बाजू १२० मिलिमीटर उंच असल्याने खड्ड्यात रिम वाकण्याची भीती कमी होते, आणि योग्य ऑफसेट मिळाला तर चाके आत गेलेली दिसणार नाहीत. चारही चाके घेण्यापूर्वी पुढे एक आणि मागे एक चाक बसवून पाहावे, मागे तीन माणसे बसवावीत आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठे घासत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.